एन्टँगलमेंट आणि उष्मागतिकी: कार्य नेमकं कशातून मिळतं?

प्रश्न असा आहे: दोन गुंतलेल्या (एन्टँगल्ड) क्यूबिट्सची, म्हणजे क्वांटम बिट्सची, मिळून एन्ट्रॉपी (अनिश्चिततेचं माप) शून्य, पण त्यातल्या एकेकाची मात्र कमाल. हे उष्मागतिकीच्या दुसऱ्या नियमात (बंदिस्त प्रणालीची एकूण एन्ट्रॉपी घटत नाही) बसतं कसं? आणि एन्टँगलमेंट वापरून उष्णतेतून फुकट कार्य काढता येतं, माहिती पुसताना उलट ऊर्जा हाती लागते, उष्णता थंडाकडून गरमाकडे वाहते, अशा ज्या बातम्या येतात त्या खऱ्या का?

बातम्यांमागचे निष्कर्ष खरे आहेत, त्यातलं ‘फुकट’ तेवढं खोटं. गुंतलेल्या जोडीतून कार्य मिळतं, कारण ती जोडी भोवतालच्या तापमानाशी समतोलात नसते. समतोलात असलेला आणि तरीही गुंतलेला पदार्थ असू शकतो. असे पदार्थ प्रयोगशाळेच्या कपाटात बाटलीत भरून ठेवलेले असतात, आणि त्यातून तसूभरही कार्य निघत नाही. हा फरक धरून ठेवला की उरतो तो हिशेब. तो आकड्यांसह मांडतो.

आधी माप ठरवू. १९६१ साली आयबीएममधल्या रॉल्फ लँडाउअर यांनी दाखवलं की एक बिट पुसायला किमान ‘केटी’ गुणिले ०.६९३ इतकं कार्य खर्चावं लागतं. केटी म्हणजे बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, आणि ०.६९३ म्हणजे २चा नैसर्गिक लॉगॅरिदम. ३०० केल्व्हिनला ही रक्कम २.८७ झेप्टोज्यूल भरते. झेप्टो म्हणजे १०चा उणे २१वा घात. २०१२ साली फ्रान्समधल्या लिआँ इथे सिलिकाचा दोन मायक्रॉनचा मणी लेझरच्या दोन खळग्यांत धरून हे मोजलं गेलं. पुसण्याची क्रिया जितकी सावकाश, तितका खर्च या मर्यादेच्या जवळ येतो, पण खाली जात नाही. पुढे या रकमेला मी ‘एक लँडाउअर’ म्हणेन आणि एन्ट्रॉपी बिटमध्ये देईन.

जोडीची एन्ट्रॉपी आणि एकेकाची

दोन क्यूबिट्स ‘शून्य-शून्य’ आणि ‘एक-एक’ यांच्या समसमान सुपरपोझिशनमध्ये (दोन्ही शक्यता एकत्र असलेल्या क्वांटम अवस्थेत) आहेत असं धरा. ही बेल अवस्था. पूर्ण जोडीबद्दल जाणून घेण्यासारखं सगळं आपल्याला ठाऊक आहे, म्हणून जोडीची फॉन नॉयमन एन्ट्रॉपी (क्वांटम अवस्थेची एन्ट्रॉपी) शून्य. एकच क्यूबिट हाती असेल तर तो कुठल्याही दिशेने मोजा, निम्म्या वेळा शून्य आणि निम्म्या वेळा एक येणार; त्याची एन्ट्रॉपी पूर्ण १ बिट. दोघांतली परस्पर माहिती (एकावरून दुसऱ्याबद्दल किती कळतं त्याचं माप) १ + १ − ० = २ बिट. याच्या शेजारी अभिजात (क्लासिकल, म्हणजे क्वांटम नसलेली) जोडी ठेवून बघा: दोन नोंदी, दोन्ही सारख्याच, पण शून्य की एक हे माहीत नाही. एकत्र एन्ट्रॉपी १, एकेकाची १, परस्पर माहिती १. अभिजात सहसंबंध कितीही घट्ट असला तरी दोन बिट्समध्ये याच्या पुढे जात नाही.

सशर्त एन्ट्रॉपी, म्हणजे एक क्यूबिट हाती असताना दुसऱ्याबद्दल उरणारी अनिश्चितता, ही एकत्र एन्ट्रॉपीतून हातातल्याची वजा करून मिळते. अभिजात जोडीत ती ०. बेल जोडीत ती उणे १. अभिजात जगात ही संख्या ऋण होऊच शकत नाही, कारण तिथे संपूर्णाची एन्ट्रॉपी भागाच्या एन्ट्रॉपीपेक्षा कमी होत नाही. पुढच्या बहुतेक गमतीजमती या उण्या एकातून निघतात.

दुसऱ्या नियमाला इथे धक्का लागत नाही. दोन शुद्ध (एन्ट्रॉपी शून्य असलेल्या) क्यूबिट्सवर हॅडामार्ड आणि सीनॉट ही गेट्स (क्यूबिटवरच्या उलटवता येणाऱ्या क्रिया) चालवली की प्रत्येकाची एन्ट्रॉपी ०वरून १वर जाते, जोडीची ० राहते. तीच दोन गेट्स उलट क्रमाने चालवली की सगळं पूर्ववत. उलटवता न येणारं काही घडलेलंच नाही. एकेकाची एन्ट्रॉपी वाढली ती फक्त एकाच भागापर्यंत हात पोचणाऱ्यासाठी. म्हणून या विषयात ‘एन्ट्रॉपी वाढली’ असं कोणी म्हटलं तर पहिला प्रश्न: कोणाची? वाद घालणाऱ्या दोघांच्या मनात दोन वेगळ्या एन्ट्रॉप्या असतात, हे तिथेच निम्म्या वेळा उघड होतं.

जोडीतून कार्य काढण्याची कृती

समजा दोन्ही क्यूबिट्सच्या शून्य आणि एक या पातळ्यांची ऊर्जा सारखीच आहे. ही अट मुद्दाम घातली आहे. नाहीतर गेट चालवतानाच ऊर्जेची देवघेव होते आणि हिशेब गढूळ होतो. तापमान टी असलेला उष्णतेचा मोठा साठा शेजारी आहे.

पहिल्यांदा सीनॉट, मग पहिल्या क्यूबिटवर हॅडामार्ड. जोडी ‘शून्य-शून्य’मध्ये येते. पातळ्या समान असल्यामुळे याला कार्य लागत नाही. आता एक क्यूबिट साठ्यापासून तोडलेला असतानाच त्याची ‘एक’ ही पातळी केटीच्या कितीतरी वर उचला. ती रिकामी आहे, म्हणून उचलायलाही कार्य नाही. मग क्यूबिट साठ्याला जोडा आणि ती पातळी सावकाश खाली आणा. उतरताना साठ्यातली उष्णता क्यूबिटमध्ये येत राहते, वरच्या पातळीवर असण्याची शक्यता वाढत जाते, आणि ती उतरती पातळी तुम्हाला कार्य देते. ऊर्जा शून्यावर आली की क्यूबिट पूर्ण मिश्र (एन्ट्रॉपी १ बिट) झालेला असतो आणि तुमच्या पदरी एक लँडाउअर. दुसऱ्या क्यूबिटवर हेच करा. एकूण दोन लँडाउअर.

पातळी किती उंच उचलायची? ३ केटीपर्यंतच उचलली तर सुमारे ७ टक्के कार्य हातचं जातं, कारण साठ्याला जोडताक्षणी क्यूबिट एकदम उडी मारून समतोलात येतो आणि ती उडी वाया जाते. ५ केटीला तोटा १ टक्क्यावर येतो, १० केटीला नगण्य होतो. उतरवण्याचा वेग हा दुसरा खड्डा: साठ्याशी समतोल साधायला क्यूबिटला जो वेळ लागतो त्याच्या कित्येक पट सावकाश उतरवावं लागतं. आणि या सगळ्या काळात क्यूबिटला त्या एका साठ्याखेरीज दुसरं काही चिकटलेलं चालत नाही. प्रत्यक्ष उपकरणात ते चिकटलेलं असतंच.

आता दोन क्यूबिट्स दोन गावी आहेत, आणि दोघांकडे फक्त स्वतःच्या क्यूबिटवरची क्रिया आणि फोन एवढंच आहे. फोनही नसेल तर दोघांनाही पूर्ण मिश्र क्यूबिट दिसतो, कार्य शून्य. फोन असेल तर एकीने मोजून निकाल कळवला की दुसऱ्याचा क्यूबिट त्याच्यासाठी शुद्ध होतो आणि तो एक लँडाउअर काढतो. मोजणारीचाही क्यूबिट शुद्ध होतो खरा, पण निकालाची नोंद पुसायला तिला तेवढाच खर्च येतो, तेव्हा तिची निव्वळ कमाई शून्य. एकत्र असताना दोन, दूर असताना एक. हा एकाचा फरक जोनाथन ओपनहाइम, होरोडेकी मंडळी आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ‘वर्क डेफिसिट’ (कार्यातली तूट) म्हणून मांडला. अभिजात जोडीत हा फरक शून्य येतो. सहसंबंधातला क्वांटम भाग किती, हे कार्याच्या मापात सांगण्याची ही मला सर्वांत पटणारी रीत आहे, कारण तिच्यात एकही अमूर्त निकष नाही.

जोडी अशुद्ध असेल तर? बेल अवस्थेशी जुळणी, म्हणजे फिडेलिटी, ०.९० आणि उरलेला भाग इतर तीन बेल अवस्थांत समान वाटलेला असेल, तर जोडीची एन्ट्रॉपी ०.६३ बिट होते. एकत्र असताना मिळणारं कार्य २ − ०.६३ = १.३७ लँडाउअर, आणि सशर्त एन्ट्रॉपी उणे ०.३७. फिडेलिटी ०.८१ला सशर्त एन्ट्रॉपी शून्यावर येते. ०.७८च्या खाली बेल असमानतेची नेहमीची चाचणी (सहसंबंध अभिजात रीतीने समजावता येतो का हे तपासणारी) गप्प होते. पण जोडी ०.५०पर्यंत गुंतलेलीच असते. म्हणजे ०.५० ते ०.८१ या पट्ट्यात एन्टँगलमेंट आहे, पण उण्या एन्ट्रॉपीचा फायदा नाही. ‘गुंतलेलं आहे, म्हणजे उष्मागतिकीत लाभ होणारच’ असं लिहिणारे हा पट्टा विसरतात.

पुसताना मिळणारी ऊर्जा

ही बातमी २०११ची. लिडिया डेल रिओ, योहान ओबेर्ग, रेनाटो रेनर, ऑस्कर डालस्टन आणि व्लात्को व्हेड्रल यांनी दाखवलं की क्यूबिट पुसण्याचा खर्च त्याच्या सशर्त एन्ट्रॉपीइतका लँडाउअर असतो, आणि अट असते पुसणाऱ्याच्या स्मृतीची. क्यूबिटबद्दल काहीच माहीत नसेल तर खर्च १. अभिजात रीतीने पूर्ण माहीत असेल तर ०. तो तुमच्या स्मृतीतल्या क्यूबिटशी कमाल गुंतलेला असेल तर उणे १, म्हणजे पुसताना एक लँडाउअर पदरात.

कृती वरचीच आहे. जोडीतून दोन लँडाउअर काढा, दोन्ही क्यूबिट्स मिश्र होतील. मग पुसायचा तो एक लँडाउअर खर्चून शून्यावर आणा. उरला एक. सुंदर भाग असा की स्मृतीतला क्यूबिट सुटा पाहिला तर आधीही पूर्ण मिश्र होता आणि नंतरही पूर्ण मिश्र आहे. त्याच्यात काही बदललं हे एकट्या त्याच्याकडे बघून कळणार नाही. संपलं ते फक्त दोघांतलं नातं.

आणि ते नातं कुठून आलं? दोन मिश्र क्यूबिट्सपासून बेल जोडी बनवायची तर आधी दोघांना शुद्ध करावं लागतं: खर्च दोन लँडाउअर. मग दोन गेट्स. पूर्ण चक्राची बेरीज आदर्श स्थितीतही शून्य, आणि वर सांगितलेले तोटे धरले की नेहमीच उणे. दुसरा नियम या चक्रात अबाधित राहतो. जोडी आयती मिळाली असं धरल्यामुळेच तो मोडल्यासारखा वाटतो.

रकमांचा अंदाजही असू द्या. सुपरकंडक्टिंग क्यूबिट २० मिलिकेल्व्हिनच्या फ्रिजमध्ये असतो. तिथे एक लँडाउअर म्हणजे १.९ गुणिले १०चा उणे २५वा घात ज्यूल, ५ गिगाहर्ट्‌झच्या एका फोटॉनच्या ऊर्जेचा सतरावा भाग. तो फ्रिज चालायला किलोवॅटांत वीज लागते. याचं इंजिन करून गावाला वीज देण्याच्या गप्पा सोडून द्याव्यात. उपयोग आहे तो उलट्या बाजूने: क्यूबिट रीसेट करण्याचा, थंड करण्याचा आणि गोंगाट काढण्याचा किमान खर्च किती, हे या गणितातून ठरतं. शिवाय फ्रिज २० मिलिकेल्व्हिनला असला तरी क्यूबिट तितका थंड असेलच असं नाही. ५ गिगाहर्ट्‌झ म्हणजे ०.२४ केल्व्हिन, क्यूबिट जवळपास १ टक्का वेळा वरच्या पातळीवर सापडत असेल तर त्याचं खरं तापमान ५० मिलिकेल्व्हिनच्या आसपास आहे. हिशेबात फ्रिजच्या मीटरवरचा आकडा घालायचा नाही, हा घालायचा.

क्वांटम बॅटरीबद्दलही विचारलं जातं. अनेक पेशी एकत्र गुंतवून रिकाम्या केल्या तर एकेकटीपेक्षा जास्त ऊर्जा निघू शकते, हे २०१३ साली अलिकी आणि फानेस यांनी मांडलं. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने दाखवलं की तेवढीच ऊर्जा वाटेत एन्टँगलमेंट निर्माण न करताही काढता येते, फक्त टप्पे वाढतात. म्हणजे एन्टँगलमेंटमुळे वेळ वाचतो, साठा वाढत नाही. पुण्याच्या आयसरमध्ये मध्यभागी बॅटरीचा स्पिन (कणाचं इवलंसं चुंबक) आणि भोवती चार्जरचे स्पिन अशा रचनेवर एनएमआरने (केंद्रकीय चुंबकीय अनुनादाने) या चार्जिंगचे प्रयोग झालेले आहेत.

थंडाकडून गरमाकडे

दोन वस्तू, प्रत्येक आपापल्या तापमानाला, बाहेरच्यांपासून तोडलेल्या. थंड वस्तूकडे गेलेली उष्णता घ्या आणि तिला दोघींच्या व्यस्त तापमानांच्या (म्हणजे एक भागिले केटी) फरकाने गुणा. हा गुणाकार परस्पर माहितीतल्या बदलापेक्षा कमी असू शकत नाही. माहिती इथे बिटमध्ये न घेता नैसर्गिक लॉगॅरिदमच्या एककात घ्यायची. हे एक वाक्य पुरेसं आहे. सुरुवातीला सहसंबंध नसेल तर परस्पर माहिती वाढेल किंवा तितकीच राहील, म्हणून उष्णता थंडाकडेच जाणार. बोल्ट्झमनने टकरीपूर्वी रेणूंमध्ये सहसंबंध नसतो असं जे गृहीत धरलं होतं, त्याचंच हे रूप. सुरुवातीलाच सहसंबंध असेल आणि तो खर्च होत असेल तर परस्पर माहितीतला बदल ऋण होतो आणि उष्णतेला उलटं वाहायची मुभा मिळते.

२०१९ साली ब्राझीलमधल्या प्रयोगात क्लोरोफॉर्मच्या रेणूतले कार्बन-१३ आणि हायड्रोजन यांचे केंद्रकीय स्पिन वापरून हे प्रत्यक्ष दाखवलं गेलं. थंड स्पिन आणखी थंड झाला, गरम आणखी गरम, आणि परस्पर माहिती घटत गेली. ती संपत आली की प्रवाह नेहमीच्या दिशेला वळतो. तिथे मोजलेला क्वांटम सहसंबंध ‘डिस्कॉर्ड’ या मापातला (एन्टँगलमेंट नसतानाही असू शकणारा) आहे; बातम्यांनी त्याला सरसकट एन्टँगलमेंट म्हटलं, ते चूक. आणखी एक गैरसमज इथेच निस्तरू: जोडीतला एक कण थंड केला म्हणून दूरचा कण थंड होत नाही. एका टोकाला काहीही करा, दुसऱ्या टोकाची सुटी अवस्था बदलत नाही. वरच्या प्रयोगातले दोन्ही स्पिन एकाच रेणूत एकमेकांशी प्रत्यक्ष जोडलेले होते.

मुळात उष्मागतिकीच एन्टँगलमेंटमधून येते का?

बऱ्याच अंशी, हो. हा भाग मला लँडाउअरच्या हिशेबापेक्षा खोल वाटतो. २००६ साली पोपेस्कू, शॉर्ट आणि विंटर यांनी सिद्ध केलं की मोठ्या बंदिस्त प्रणालीची जवळजवळ कुठलीही शुद्ध अवस्था निवडली तरी तिचा छोटा भाग समतोलात असल्यासारखाच दिसतो, कारण तो उरलेल्या भागाशी गुंतलेला असतो. किती जवळचा? ४० स्पिनांपैकी ४ बघितले, ऊर्जेची वगैरे काही अट नाही, तर सरासरी विचलन दहा लाखांत आठच्या आत. संभाव्यता बाहेरून आणून चिकटवावी लागत नाही.

हार्वर्डमध्ये २०१६ साली हे अणूंवर पाहिलं गेलं. रुबिडियम-८७चे सहा अणू, प्रकाशाच्या जाळीत सहा जागा, आणि शेजारी हुबेहूब तशीच दुसरी रांग. अणूंना अचानक हलू दिलं, थोड्या वेळाने दोन रांगांमध्ये व्यतिकरण घडवलं आणि प्रत्येक जागी अणूंची संख्या सम की विषम हे मोजलं. त्यातून थेट शुद्धता मिळते. पूर्ण रांग शुद्धच राहिली, पण एक-दोन जागांचा तुकडा घेतला की त्याची एन्ट्रॉपी वाढत जाऊन औष्णिक मूल्यावर स्थिरावली. तुकड्याचं ‘तापणं’ हे बाकीच्यांशी गुंतणं होतं, बाहेरून काही आलं नव्हतं. अपवादही आहेत: ज्या प्रणालींत अक्षय्य (काळानुसार न बदलणाऱ्या) राशी फार असतात, किंवा अव्यवस्थेमुळे सगळं जागीच अडकतं, तिथे अशी औष्णिक अवस्था येत नाही किंवा फार उशिरा येते.

एन्टँगलमेंटला स्वतःचा ‘दुसरा नियम’ आहे का, हा मात्र वेगळाच प्रश्न आणि त्याची कथा वळणावळणाची. शुद्ध अवस्थांसाठी १९९७ साली पोपेस्कू आणि रोहर्लिक यांनी साम्य मांडलं: भरपूर प्रती असतील तर एका गुंतलेल्या अवस्थेचं दुसरीत रूपांतर दोन्ही दिशांनी जवळपास विनातोटा होतं. १९९८ साली होरोडेकी बाप-लेकांनी अशा मिश्र अवस्था दाखवल्या ज्या गुंतलेल्या आहेत, पण ज्यांतून एकही बेल जोडी गाळून काढता येत नाही; तिथे साम्य तुटलं. २००८ साली ब्रांदाओ आणि प्लेनिओ यांनी परवानगी असलेल्या क्रिया थोड्या सैल करून ते पुन्हा जोडलं. २०२२मध्ये त्या सिद्धतेच्या एका पायरीत भगदाड सापडलं. २०२३ साली लामी आणि रेगुला यांनी दाखवलं की क्रियांना काटेकोरपणे शून्य एन्टँगलमेंटचं बंधन घातलं तर रूपांतर उलटवता येत नाही. २०२४मध्ये त्या भगदाडासाठी दोन स्वतंत्र सिद्धता आल्या, एक हायाशी आणि यामासाकी यांची, दुसरी लामी यांची. आजचं उत्तर तुम्ही क्रियांना किती मोकळीक देता यावर ठरतं, म्हणून जुन्या लेखातलं एकच ठाम वाक्य उचलू नका.

समतोलातलं एन्टँगलमेंट: स्वतः मोजायचं असेल तर

इथे उष्मागतिकी हिशेबाची वही न राहता मोजपट्टी होते. एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही जमेल असं हे काम आहे.

दोन अर्ध-स्पिनांची (स्पिन १/२ असलेल्या कणांची) जोडी घ्या, त्यांच्यातली प्रतिलोहचुंबकी (दोन स्पिन उलट दिशांना ठेवणारी) बांधणी ‘जे’. खाली एक सिंगलेट (दोन्ही स्पिन एकमेकांना रद्द करतात ती अवस्था), त्यावर जे एवढ्या अंतरावर तीन ट्रिपलेट (एकूण स्पिन १ असलेल्या अवस्था). सिंगलेट कमाल गुंतलेला. समतोलात सिंगलेटचा वाटा निम्म्याहून जास्त असेल तर अवस्था गुंतलेली, आणि हे केटी ०.९१ जेच्या खाली गेलं की होतं (नेमकं सांगायचं तर जे भागिले ३चा नैसर्गिक लॉगॅरिदम). कॉपर नायट्रेटच्या अडीच पाण्याच्या हायड्रेटमध्ये जे सुमारे ५.२ केल्व्हिन आहे, मर्यादा ४.७ केल्व्हिनच्या आसपास येते. १९६३ची जुनी मोजमापं पुन्हा तपासून ब्रुकनर, व्हेड्रल आणि झायलिंगर यांनी २००६ साली तिथे एन्टँगलमेंट दाखवलं. कॉपर अ‍ॅसिटेटमध्ये तांब्याच्या दोन अणूंतली ही दरी ४२० केल्व्हिनच्या आसपास आहे, म्हणजे मर्यादा ३८० केल्व्हिनच्या वर. बाटलीतली ती हिरवट-निळी पूड खोलीच्या तापमानालाही गुंतलेली असते. तिच्यातून कार्य काढायला जाल तर काही मिळणार नाही: ती साठ्याशी समतोलात आहे, मुक्त ऊर्जा (कार्यासाठी उपलब्ध असलेली) किमान आहे.

मोजायची ती चुंबकीय ससेप्टिबिलिटी, म्हणजे क्षेत्र लावल्यावर नमुना किती चुंबकित होतो ते. निकष असा: ससेप्टिबिलिटी गुणिले तापमान हा गुणाकार स्वतंत्र स्पिनांच्या क्युरी मूल्याच्या दोन-तृतीयांशाखाली गेला की अवस्था गुंतलेली. अर्ध-स्पिन आणि जी-गुणक (स्पिनाच्या चुंबकत्वाची तीव्रता सांगणारा आकडा) २ असेल तर क्युरी मूल्य दर स्पिनमागे ०.३७५ ईएमयू (चुंबकीय एकक) केल्व्हिन प्रति मोल, मर्यादा ०.२५. तांब्याचा जी-गुणक २.१च्या आसपास असतो, तेव्हा ०.४१ आणि ०.२८ हे आकडे धरा. जी-गुणक ईपीआरने (इलेक्ट्रॉन पॅरामॅग्नेटिक रेझोनन्सने) स्वतंत्रपणे काढा. वक्राला बसवून काढलेला जी-गुणक आणि जे एकमेकांच्या चुका झाकतात. निकषात तिन्ही दिशांची सरासरी लागते, म्हणून इथे एकस्फटिकापेक्षा बारीक पूड सोयीची. पूड क्षेत्रात फिरू नये म्हणून थोड्या ग्रीसमध्ये बसवा आणि ग्रीसचं प्रतिचुंबकत्व (क्षेत्राला किंचित विरोध करणारं चुंबकत्व) वेगळं मोजून वजा करा.

चुका दोन जातीच्या असतात. काही एन्टँगलमेंट लपवतात: सुटे तांब्याचे आयन आणि इतर चुंबकीय अशुद्धी कमी तापमानाला गुणाकार वर उचलतात. त्या त्रासदायक, पण निरुपद्रवी. काही मात्र नसलेलं एन्टँगलमेंट दाखवतात, आणि घात तिथे होतो. कॉपर नायट्रेट हवेतलं पाणी ओढतं. वजनात १० टक्के ओल असली तर मोल जास्त मोजले जातात आणि गुणाकार तितकाच खाली येतो. नमुना तोलायच्या दिवशीच बंद करा. नमुन्याचं आणि धारकाचं प्रतिचुंबकत्व वजा केलं नाही तर उच्च तापमानाला हाच प्रकार.

सगळ्यांत मोठा सापळा क्षेत्राचा. घाईत ५ टेस्लाला मोजून चुंबकन भागिले क्षेत्र यालाच ससेप्टिबिलिटी म्हणतात. २ केल्व्हिनला ५ टेस्लामध्ये एकमेकांशी काहीही संबंध नसलेले अर्ध-स्पिनसुद्धा संपृक्त होऊ लागतात, आणि हे गुणोत्तर क्युरी मूल्याच्या ५६ टक्क्यांवर येतं. दोन-तृतीयांशाच्या खाली! म्हणजे साध्या पॅरामॅग्नेटमध्ये ‘एन्टँगलमेंट सापडलं’. क्षेत्र ०.१ टेस्लाच्या आसपास ठेवा आणि त्याच्या दुप्पट क्षेत्राला मोजून तेच मूल्य येतं का ते बघा.

निकषाच्या मुळाशी आणखी एक अट आहे: एकूण चुंबकन हे हॅमिल्टोनियनशी (प्रणालीच्या ऊर्जेच्या सूत्राशी) क्रमनिरपेक्ष हवं, म्हणजे दोघांचा गुणाकार कुठल्याही क्रमाने केला तरी सारखाच यावा. तेव्हाच ससेप्टिबिलिटी म्हणजे चुंबकनाचं विचरण भागिले केटी. तांब्याच्या बहुतेक जोड्यांत हे पुरेसं खरं असतं. कोबाल्ट किंवा दुर्मिळ मृदांच्या संयुगांत नसतं, आणि तिथे हा निकष लावलेला दिसला तर निष्कर्षावर विश्वास ठेवू नका.

ताळा विशिष्ट उष्म्याने घेता येतो. विशिष्ट उष्मा तापमानावर संकलित करून अंतर्गत ऊर्जा काढा, आधी जालकाच्या कंपनांचा भाग वजा करून. न गुंतलेल्या अवस्थांची किमान ऊर्जा दर जोडीमागे उणे पाव जे असते, सिंगलेटची उणे पाऊण जे. ऊर्जा उणे पावच्या खाली गेली की एन्टँगलमेंट आहे, आणि सुट्या जोड्यांसाठी ही मर्यादा ससेप्टिबिलिटीच्या मर्यादेशी तंतोतंत एकाच तापमानाला पडते. शिवाय ससेप्टिबिलिटीचं शिखर ०.६२ जेच्या जवळ, म्हणजे कॉपर नायट्रेटमध्ये ३.२ केल्व्हिनला दिसलं पाहिजे. तिन्ही तापमानांतून निघणारा जे ५ टक्क्यांत जुळत नसेल तर आधी नमुन्यातलं पाणी तपासा.